नंबर कोणता फिरवायचा?

पोलीस, आग, रुग्णवाहिका, महिला, मुले, गॅस, रेल्वे... प्रत्येकासाठी वेगळा नंबर आहे. ऐन वेळी मात्र त्यातला एकही धड आठवत नाही.

रात्रीचे अडीच वाजलेले. आजोबांच्या छातीत कळ येते, दरदरून घाम फुटतो. मुलगा धावत फोनकडे जातो आणि १०० लावू लागतो, कारण लहानपणापासून त्याला तोच एक नंबर ठाऊक असतो. सून म्हणते, "अहो, तो पोलिसांचा. १०८ लावा." दिल्लीहून सुटीला आलेला मेव्हणा डोळे चोळत बाहेर येतो, "दाजी, अँब्युलन्सला १०२ लावतात." नववीतला नातू ओरडतो, "बाबा, आता सगळ्याला ११२ असतो, आम्हाला शाळेत सांगितलंय." शेवटी कोणीतरी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना उठवते आणि त्यांच्या गाडीतून आजोबांना नेले जाते. तोवर सात-आठ मिनिटे सरलेली असतात.

प्रसंग काल्पनिक आहे, पण तो कोणत्याही घरात घडू शकतो. आणि यातली खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, ही की चौघांपैकी एकाचेही चुकलेले नाही. १०० वर पोलीस मदत पाठवतात. महाराष्ट्रात तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. दिल्लीत त्याच कामासाठी १०२ आहे. आणि ११२ देशभर सर्वांसाठी आहे. चार बरोबर उत्तरे एकदम समोर आली की माणूस एका चुकीच्या उत्तरापेक्षाही जास्त गोंधळतो.

एकाने सुरू होणारे आकडे

हा गोंधळ आजचा नाही. ज्या घरांत काळा, गोल तबकडीचा फोन होता, तेथील मंडळींना टेलिफोन डिरेक्टरीची पहिली पाने आठवत असतील. पोलीस १००, अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०२. त्याच्या जोडीला बिघाडाची तक्रार १९८, टेलिफोन नंबर विचारायचा असेल तर १९७, ट्रंक कॉल बुक करायचा तर १८० आणि घड्याळ बंद पडले असेल तर वेळ सांगणारा १७४. घरातल्या जाणत्या माणसाला हे पाठ असत. बाकीच्यांसाठी फोनच्या शेजारी दोरीने बांधलेली डायरी असे आणि तिच्यात गॅसवाला, दूधवाला, डॉक्टर, मामा या क्रमाने नंबर असत.

हे सगळे आकडे एकाने सुरू होतात, ते योगायोगाने नव्हे. आपल्याकडच्या क्रमांक योजनेत १ हा पहिला आकडा खास सेवांसाठी राखून ठेवलेला आहे. कोणत्याही ग्राहकाचा फोन नंबर एकाने सुरू होत नाही. त्यामुळे १ दाबला की एक्स्चेंजला कळते, हा नेहमीचा फोन नाही, मदतीचा किंवा चौकशीचा आहे. सोय चांगलीच, पण तिच्यामुळे एक झाले. मदतीचे आणि चौकशीचे सगळे नंबर एकाच तोंडवळ्याचे झाले. १०१ आणि १८१, १०९८ आणि १०९१, १३८ आणि १३९. शांतपणी वाचताना यांत फरक दिसतो, घाबरलेल्या माणसाला दिसेलच असे नाही.

इंग्लंडने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. १९३५ साली लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागून पाच स्त्रिया मरण पावल्या. समोरच्या शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला, पण एक्स्चेंजमध्ये तोही इतर साध्या फोनांच्या रांगेत थांबला. त्या शेजाऱ्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. पोलीस असोत, आग असो की रुग्णवाहिका, सगळ्यांना एकच. १११ हा नंबर त्या वेळी मुद्दाम टाळला गेला. वाऱ्याने तारा एकमेकींवर आपटल्या तरी एक्स्चेंजला '१' चा इशारा जाई आणि १११ आपोआप लागण्याची भीती होती. अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल गावात वाजला. म्हणजे 'एकच नंबर' ही कल्पना आपल्यापर्यंत पोहोचायला तशी बरीच वर्षे लागली.

१०८ आला, १०२ राहिला

आपल्याकडचा १०२ अनेक शहरांत बराच काळ नावापुरताच होता. फोन लागलाच तर गाडी असेल याची खात्री नसे, गाडी असली तर तिच्यात स्ट्रेचरखेरीज फारसे काही नसे. हे चित्र बदलले ते १०८ मुळे. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत ही सेवा सुरू झाली. सत्यम कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी तिचा पाया घातला आणि पुढे त्या कंपनीचा घोटाळा उघड झाल्यावर २००९ साली जीव्हीके समूहाने ती चालवायला घेतली. सत्यमचे जे व्हायचे ते झाले, १०८ मात्र टिकला आणि वाढला. गुजरातेत तो २००७ साली आला, गोवा आणि कर्नाटकात २००८ साली.

महाराष्ट्राने मात्र वेळ घेतला. येथे १०८ सुरू झाला तो जानेवारी २०१४ मध्ये, ९३७ रुग्णवाहिकांसह. या गाड्यांचे दोन प्रकार केले गेले. बहुसंख्य साध्या, प्राथमिक उपचारांची सोय असलेल्या आणि उरलेल्या श्वासोच्छ्वास व हृदयाच्या गंभीर रुग्णांसाठी अधिक सुसज्ज. गाडीसोबत डॉक्टर असावा, हे येथील योजनेचे वैशिष्ट्य. आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण जपमाळेतल्या मण्यांचा तोच आकडा. आजी-आजोबांना १०८ एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

पण १०८ आला म्हणून १०२ गेला नाही, आणि घोटाळा होतो तो येथेच. केंद्र सरकारने २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. त्यात गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात नेणे, बाळंतपणानंतर घरी सोडणे आणि आजारी तान्ह्या बाळाची ने-आण करणे हे सारे मोफत झाले. अनेक राज्यांत १०२ च्या गाड्या मुख्यतः या कामाला लावल्या गेल्या. म्हणजे दिवस भरलेल्या सुनेला ठरल्याप्रमाणे दवाखान्यात न्यायचे असेल तर १०२ योग्य. पण अपघात झाला, झटका आला, विंचू-साप चावला, बाळंतिणीला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला, तर महाराष्ट्रात १०८. ने-आण करण्यासाठी ठेवलेल्या गाडीत प्राणवायू आणि इंजेक्शने घेऊन बसलेला डॉक्टर मिळेल, अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र हा नियम जसाच्या तसा सोबत नेऊ नये. दिल्लीत अपघात व तातडीच्या उपचारांसाठी 'कॅट्स' नावाची सरकारी सेवा आहे आणि तिचा नंबर १०२. बडोदा, हैदराबाद, बंगळूर, इंदूर येथे १०८ चालतो. बदली होऊन नव्या शहरात गेल्यावर आपण गॅस, दूध, शाळा यांची चौकशी पहिल्याच आठवड्यात करतो. रुग्णवाहिकेचा नंबर विचारणारे कुटुंब विरळाच.

जितकी खाती, तितके नंबर

आपल्याकडे एखादी मोठी घटना घडली की एक नवी हेल्पलाइन निघते. मंत्री फीत कापतात, फलक लागतो, वर्तमानपत्रात पान भरून जाहिरात येते. जुना नंबर बंद करायचे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक खात्याला आपला स्वतःचा नंबर हवा असतो, हे त्यामागचे साधे कारण.

काही नंबर खरोखर विचारपूर्वक निवडलेले आहेत, हेही सांगायला हवे. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा त्यांपैकी एक. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली, ती रस्त्यावर आणि रेल्वे फलाटांवर राहणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. ज्या मुलाने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यालाही दहा, नऊ, आठ असे उलटे मोजता येते. म्हणून हा नंबर 'दस-नौ-आठ' असाच म्हटला गेला आणि तसाच रुजला. पुढे ही सेवा सरकारने स्वतःकडे घेतली आणि २०२३ च्या सुमारास ती ११२ शी जोडण्याचे काम झाले, पण १०९८ हा आकडा कायम राहिला.

याउलट १८१ ची कथा. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी झालेल्या अमानुष अत्याचारानंतर सारा देश हादरला. महिलांसाठी तातडीने हेल्पलाइन हवी अशी मागणी झाली आणि दूरसंचार खात्याने दिल्ली सरकारला आधी १६७ हा नंबर दिला. तो लक्षात राहण्यासारखा नाही म्हणून बदलून मागण्यात आला आणि मग १८१ मिळाला. महिलांसाठी पोलिसांचा १०९१ त्याआधीच अनेक शहरांत होता. मुंबईत तर १०३ हाही होता. आता प्रश्न असा की, रात्री उशिरा लोकलमधून उतरलेल्या मुलीच्या मागे कोणी लागले, तर तिने १०३ लावावा, १०९१ लावावा की १८१? तिने तीनही पाठ केले पाहिजेत, असे कोणत्याच खात्याला म्हणायचे नसेल. पण वेगवेगळे नंबर छापताना त्याचा अर्थ तोच होतो.

रेल्वेने या बाबतीत थोडे शहाणपण दाखवले. पूर्वी गाडीची चौकशी १३९ वर, तक्रार १३८ वर आणि सुरक्षेची मदत १८२ वर अशी विभागणी होती. डब्यात कोणी दारू पिऊन धिंगाणा घालत असेल तर ती तक्रार म्हणायची की सुरक्षेचा प्रश्न, हे प्रवाशाने ठरवायचे! टप्प्याटप्प्याने हे सारे १३९ मध्ये मिसळले आणि एप्रिल २०२१ पासून १८२ ही बंद झाला. जुन्या डब्यांच्या भिंतीवर रंगवलेला १८२ पाहिलेल्या प्रवाशाने आता तो विसरलेला बरा.

११२ म्हणजे नेमके काय?

युरोपात १९९१ साली ११२ हा समान नंबर ठरला. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, एप्रिल २०१५ मध्ये तोच नंबर सर्व आणीबाणीच्या सेवांसाठी घ्यावा अशी शिफारस केली. ११२ निवडण्यामागे व्यावहारिक कारण होते. जगभरच्या मोबाइल फोनना हा नंबर आणीबाणीचा म्हणून मुळातच ओळखता येतो. पैसा आला तो निर्भया निधीतून. २०१३ च्या अर्थसंकल्पात हजार कोटी रुपयांनी हा निधी उभारला गेला होता आणि ११२ च्या योजनेसाठी त्यातून ३२१ कोटी ६९ लाख रुपये मंजूर झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात सुरुवात झाली, फेब्रुवारी २०१९ मध्ये आणखी राज्ये आली. उत्तर प्रदेशात आधी १०० हाच नंबर गाजला होता, तेथे ऑक्टोबर २०१९ मध्ये ११२ आला. महाराष्ट्रात २०२१ साली, नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांसह.

यात घडते ते असे. ११२ लावला की फोन आपल्या गल्लीतल्या पोलीस चौकीत जात नाही, राज्याच्या केंद्रात जातो. तेथे बसलेली व्यक्ती काय झाले, कुठे झाले हे विचारून संगणकावर नोंद करते. ती नोंद संबंधित जिल्ह्याकडे जाते आणि तेथून जवळच्या गाडीला निरोप मिळतो. गाडीतल्या पडद्यावर पत्ता दिसतो. म्हणून नवी मुंबईतली व्यक्ती 'आपण कोणत्या जिल्ह्यातून बोलता?' असे विचारू लागली तर चिडू नये. 'अहो, तुम्हाला एवढेही माहीत नाही का?' असे म्हणण्यात दहा सेकंद जातात.

मोबाइलचा फोन कोणत्या केंद्राला जोडायचा, हे टॉवरवरून ठरते. त्यामुळे दोन राज्यांच्या किंवा जिल्ह्यांच्या सीमेवर फोन पलीकडच्या केंद्रात जाऊ शकतो. अशा गावांतल्या लोकांनी पहिल्याच वाक्यात गाव, तालुका आणि राज्य सांगण्याची सवय ठेवावी.

दुसरी गोष्ट बटणाची. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये 'पॅनिक बटण' हवे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरायचे, स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करायचे बटण पटापट तीनदा दाबायचे, अशी मूळ योजना. आता निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये थोडा फरक असतो, काहींत ते पाच वेळा दाबावे लागते. आपल्या फोनमध्ये काय आहे, ते फोनच्या सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' या शब्दाखाली मिळते.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. खिशात, पर्समध्ये, बाळाच्या हातात बटण दाबले जाते आणि केंद्रात फोन वाजतो. पलीकडे कोणी बोलत नाही. खरेच कोणी संकटात असून बोलू शकत नाही, की फोन नुसता खिशात दाबला गेला, हे कर्मचाऱ्याला कसे कळावे? त्याला उलट फोन करावा लागतो आणि तेवढा वेळ ती लाइन दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून चुकून ११२ लागलाच तर घाबरून फोन कापू नये. 'चुकून लागला, येथे सर्व ठीक आहे,' एवढे सांगावे, प्रश्न मिटतो. लागतो की नाही ते पाहण्यासाठी मुद्दाम लावून बघणे मात्र टाळलेलेच बरे.

मग जुने नंबर बंद झाले का? नाही. १०० लावला तरी बहुतेक ठिकाणी तो फोन ११२ च्या केंद्राकडेच वळवला जातो. १०१ आणि १०८ चालू आहेत. सुरुवातीच्या त्या घरात दुपारी, शांतपणे विचारले असते तर उत्तर सोपे होते. महाराष्ट्रात नुसती रुग्णवाहिका हवी तर सरळ १०८, कारण मधला एक टप्पा वाचतो. काहीच आठवत नसेल, शहर परके असेल किंवा पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्ही हवे असतील, तर ११२.

अमेरिकेतला ९११ आणि आपला ९१

इंग्रजी सिनेमे आणि मालिका पाहून मोठ्या झालेल्या मुलांना विचारा, संकटात कोणता नंबर लावाल? हमखास '९११' असे उत्तर येते. आपल्याकडे तो आणीबाणीचा नंबर नाही, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगायला हवे.

उलट दिशेचा घोटाळाही आहे, आणि ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना तो ऐकून हसू येईल. भारताचा देश-क्रमांक ९१ आणि दिल्लीचा एसटीडी क्रमांक ११. अमेरिकेतून परदेशी फोन करताना आधी ०११ लावावे लागते. ते विसरून कोणी थेट ९१-११ असे आकडे दाबायला घेतले, तर पहिले तीन आकडे होतात ९११! आईची खुशाली विचारायला फोन उचलावा आणि पलीकडून 'कोणती मदत हवी?' असा प्रश्न यावा. पुण्या-मुंबईच्या फोनात हा धोका नाही, कारण ९१ नंतर २० किंवा २२ येतो. दिल्लीकरांच्या मुलांनी तेवढे जपावे.

डिरेक्टरी गेली, तेव्हापासून

आता वळू या चौकशीच्या नंबराकडे, कारण आज लोकांचा पैसा जातो तो येथून.

१९७ लावला की पलीकडची बाई किंवा बुवा नाव आणि पत्ता विचारून नंबर सांगत. फोन लागायला वेळ लागे, कधी सांगितलेला नंबर बदललेला निघे, पण एक गोष्ट निश्चित होती. तो नंबर टेलिफोन खात्याच्या वहीतला असे. त्या वहीत आपले नाव घुसवून देणे कोणा भामट्याला शक्य नव्हते. डिरेक्टरी हे प्रकरण तेव्हा एवढे महत्त्वाचे होते की, त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले. मुंबईत टाटा प्रेसने व्यवसायांची यादी असलेली 'यलो पेजेस' छापली, तेव्हा महानगर टेलिफोन निगमने हरकत घेतली की अशी यादी काढण्याचा अधिकार फक्त आमचा. १९९५ साली न्यायालयाने टाटा प्रेसच्या बाजूने निकाल दिला आणि व्यापारी जाहिरात हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सांगितले. पुढल्याच वर्षी, १९९६ मध्ये, मुंबईत जस्ट डायल सुरू झाली. फोन करून 'दादरला चांगला प्लंबर कोण?' असे विचारता येऊ लागले.

त्यानंतर मोबाइल आला आणि डिरेक्टरीचा शेवट झाला. ट्रायने २००५ साली मोबाइल आणि लँडलाइन यांची एकत्रित डिरेक्टरी असावी, अशी शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही. आपला मोबाइल नंबर छापला जावा असे कोणाला वाटते? तेव्हा लोक नंबर शोधू लागले ते इंटरनेटवर. इंग्लंडमध्ये २००३ साली १९२ हा चौकशीचा जुना नंबर बंद करून ११८ ने सुरू होणारे अनेक खासगी नंबर आणले गेले, तर तेथे लोकांना कोणता लावावा ते कळेना आणि बिले मात्र भरमसाट येऊ लागली. इतकी की, २०१९ साली तेथील नियामकाला दरांवर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडचे संकट त्याहून वाईट निघाले. आपल्याकडे चौकशीचे उत्तर फुकट मिळते, पण ते कोणी लिहिले आहे ते कळत नाही.

समजा, बँकेतून दोनदा पैसे कापले गेले. घरातली व्यक्ती मोबाइलवर बँकेचे नाव टाकून 'कस्टमर केअर नंबर' शोधते. वर जो नंबर येतो तो लावते. पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे बोलतो, तक्रार लिहून घेतो आणि सांगतो, 'पैसे परत करण्यासाठी हे एक अ‍ॅप घ्या,' किंवा 'आम्ही पाठवलेल्या विनंतीवर तुमचा पिन टाका.' त्या अ‍ॅपमुळे आपल्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. पिन टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. फोन भामट्याने केलेला नसतो, आपणच केलेला असतो, म्हणून संशय येत नाही. अनोळखी फोन उचलू नका, एवढी ताकीद घरोघरी दिली जाते. आपण स्वतः लावलेल्या फोनबद्दल कोणी काही सांगत नाही.

हे नंबर इंटरनेटवर येतात कसे? कोणीही एखादे पान तयार करून त्यावर बँकेचे नाव आणि आपला नंबर टाकू शकतो. नकाशावरच्या दुकान-शाखांच्या माहितीत बदल सुचवण्याची सोयही असते आणि तिचा गैरवापर झालेला आहे. बँकेचा खरा नंबर एटीएम कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो. गॅस, वीज, विमा यांचा त्यांच्या बिलावर किंवा पावतीवर असतो. आणि पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. हे एक वाक्य सासू-सासऱ्यांना समजावून सांगण्यात गेलेली पंधरा मिनिटे वाया जाणार नाहीत.

आणखी एक युक्ती. 'तुमचे कुरिअर अडकले आहे, *४०१* आणि पुढे हा नंबर लावा,' असे सांगणारा फोन येतो. हा चौकशीचा नंबर नाही. तो लावला की आपले सगळे फोन त्या भामट्याच्या नंबरावर वळतात, बँकेचा ओटीपी सांगणारा फोनसुद्धा. दूरसंचार खात्याने जानेवारी २०२४ मध्ये याबाबत इशारा दिला आणि १५ एप्रिल २०२४ पासून अशा आकड्यांनी फोन वळवण्याची सोय थांबवण्याचा आदेश कंपन्यांना काढला. तरीही कोणी परका माणूस फोनवर चांदणी-चौकटीची बटणे दाबायला सांगू लागला, तर फोन ठेवून द्यावा.

पैसे गेलेच, तर १९३०. येथेही नंबर बदललेला आहे. २०२१ साली ही मदत सुरू झाली तेव्हा तो १५५२६० होता, २०२२ मध्ये १९३० झाला. जुना नंबर छापलेली पत्रके अजून कोठे भिंतीवर दिसली तर फसू नये. १९३० वर तक्रार जितक्या लवकर जाईल, तितकी मधल्या खात्यांत पैसे अडवून ठेवण्याची शक्यता अधिक. 'उद्या बँकेत जाऊन बघू' म्हणणाऱ्याचे पैसे तोवर चार खाती फिरून काढले गेलेले असतात. व्यवहाराचा संदेश पुसू नये, त्यातला क्रमांक विचारला जातो.

फोन लागल्यावर काय बोलायचे?

नंबर बरोबर लागला तरी अर्धे काम बाकी असते. बहुतेक जण आधी काय झाले ते सांगू लागतात, तेही अगदी पहिल्यापासून. "बाबांना संध्याकाळपासूनच बरे वाटत नव्हते..." मध्येच फोन तुटला तर पत्ता सांगायचा राहून जातो. म्हणून आधी ठिकाण. गाव किंवा शहर, भाग, इमारत, मजला आणि जवळची ठळक खूण. मग काय झाले ते एका वाक्यात. मग आपला फोन नंबर. पलीकडच्या व्यक्तीने 'ठेवा' म्हटल्याखेरीज फोन ठेवू नये. सोसायटी मोठी असेल तर घरातल्या एकाने फाटकापाशी जाऊन उभे राहावे. तीन सारख्या दिसणाऱ्या विंगांमध्ये रुग्णवाहिका फिरत राहते, हे दृश्य नवे नाही.

रस्त्यावर अपघात झाला आणि जागा माहीत नसेल, तर मैलाचा दगड शोधावा. महामार्गावर किलोमीटरचे आकडे ठरावीक अंतराने लिहिलेले असतात आणि तो आकडा, आपण कोणत्या दिशेने जात होतो यासह, पुरेसा असतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही मदतीचा नंबर आहे, त्यावरून टोलनाक्याजवळची रुग्णवाहिका किंवा गाडी ओढणारी क्रेन मिळू शकते. खांबांवरचे क्रमांक आणि दुकानांच्या पाट्यांवरचा पत्ता यांचाही उपयोग होतो.

परप्रांतात भाषेची अडचण येईल अशी धास्ती पुष्कळांना असते. चेन्नईला मुलाकडे गेलेल्या आजींनी फोनवर तमिळ ऐकले की त्या गडबडतात. अशा वेळी हिंदी किंवा इंग्रजीतले तीन-चार शब्द पुरतात, पण पत्ता पुरता यावा लागतो. तेव्हा मुलाच्या घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रीजवर लावून ठेवावा, पिन कोडसह. शेजाऱ्यांचा नंबर त्याच कागदावर असावा. मोबाइलची बॅटरी संपली की त्यात साठवलेले सगळे नंबर तेवढ्यापुरते नाहीसे होतात, कागद मात्र जागेवरच राहतो.

घरातल्या लहान मुलांनाही पाचव्या-सहाव्या वर्षापासून ११२ आणि घरचा पत्ता पाठ करून घेता येतो. कुलूप लावलेल्या मोबाइलच्या पडद्यावरही खाली 'इमर्जन्सी' असे लिहिलेले असते. ते दाबले की कुलूप न उघडता ११२ लावता येतो, हे मुलांना दाखवून ठेवावे. आई चक्कर येऊन पडली असेल तेव्हा तिच्या फोनचे कुलूप कोण उघडणार?

राहता राहिले स्वयंपाकघर. वीज गेली किंवा तार तुटून पडली तर १९१२. गॅसची गळती झाली तर १९०६, हा नंबर २०१६ च्या जानेवारीपासून चोवीस तास चालू आहे. पण वास येत असताना स्वयंपाकघरात उभे राहून तो लावू नये. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या एकाही बटणाला हात लावू नये, सगळ्यांनी बाहेर यावे आणि मग जिन्यावरून खाली उतरून, मोकळ्या हवेत, फोन करावा.